आधी बातमी, मग चर्चासत्र

बुधवार, १५ जानेवारी २०२५

ही डायरी आईनं संक्रांतीला दिली. "समद्यांचं लिवतीस, जरा सोताचं लिव," म्हणाली. लिहिण्यासारखं काही घडेल असं वाटलं नव्हतं, पण आज घडलं.

प्राचार्य बिराजदार सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "विशाखा मॅडम, आठ फेब्रुवारीला आपल्याकडं राष्ट्रीय चर्चासत्र. विषय तुमच्याच आवडीचा ठेवलाय. उत्तर-आधुनिक साहित्य आणि प्रसारमाध्यमं." मी इतकी खूश झाले की निघताना केबिनचं दार ढकलायचं सोडून ओढत बसले.

विषय खरंच माझा आहे. माझी पीएच.डी. त्यावरच चाललीय. अहमदपुरात कुणाला हा विषय सांगितला की माणसं आधी कळवळून बघतात आणि मग जेवण झालं का ते विचारतात. आता त्याच विषयावर आख्खं चर्चासत्र. पण दार उघडल्यावर मागून सरांचं पुढचं वाक्य आलं, "सूत्रसंचालन अर्थातच तुमचं."

मी इथं तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका तत्त्वावरच्या माणसाचा आवाज चांगला निघाला की त्याचं काही खरं नाही. जयंती, पुण्यतिथी, निरोप समारंभ, वृक्षारोपण, काहीही असो, माईकजवळ मीच. "यानंतर मी विनंती करते" हे वाक्य तोंडात इतकं बसलंय की परवा दूधवाल्यालाही तसंच म्हणणार होते.

मागच्या वर्षी आई अशाच एका कार्यक्रमाला कंधारहून आली होती. ग्रामीण रुग्णालयात आया म्हणून तिनं नोकरी केली, आता निवृत्त आहे, फिरायला मोकळी. पहिल्या रांगेत बसून तिनं सगळा कार्यक्रम ऐकला आणि बसमध्ये चढताना म्हणाली, "समद्यांला बोलायला तूच उठवलंस. तू कवा बोलतीस गं माय?" ते अजून बोचतं. म्हणून आज धीर केला, परत फिरले आणि म्हटलं, सर, मला माझा निबंध वाचायचाय. पंधरा मिनिटं द्या.

"वाचा की. कोण नको म्हणतंय," सर म्हणाले.

या वेळी आई समोर बसेल आणि मी बोलेन. इथं लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी पाय मागे घेता येणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी

समित्या ठरल्या. स्वागत, मंच, भोजन, प्रसिद्धी. सगळीकडे माझं नाव आहे आणि प्रसिद्धी समितीत माझ्याशिवाय कुणाचंच नाही. माझा निबंध जेवणानंतर ठेवलाय. जिलेबी खाल्लेल्या माणसांसमोर उत्तर-आधुनिकता. चालेल. झोपलेली माणसं निदान मधूनच उठून जात नाहीत.

फ्लेक्ससाठी बसस्टँडजवळ मन्मथ शेटेच्या दुकानात गेले. फ्लेक्स, झेरॉक्स, लॅमिनेशन असं सगळं तो करतो, शिवाय 'दैनिक मन्याडकाठ'चा तालुका वार्ताहर आहे. गावातल्या सगळ्या बातम्या त्याच्या काउंटरवरूनच लातूरला जातात. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, प्रमुख पाहुणे यांचे फोटो लावून झाल्यावर त्यानं स्क्रीनकडे बघत डोकं खाजवलं. "मॅडम, विषय कुठं टाकू? जागाच उरली न्हाई." शेवटी विषय प्रायोजकाच्या पाइपच्या जाहिरातीखाली बसवला. लांबून बघितलं तर पाइपांवर चर्चासत्र आहे असं वाटतं.

मग त्यानं चहा मागवला आणि विषय नेमका काय आहे ते विचारलं. मी सांगत गेले. झेरॉक्सची गिऱ्हाइकं ताटकळत होती, एक तर चिडून निघून गेलं, पण तो ऐकतच राहिला. वार्ताहर माणसाला अशी जिज्ञासा हवीच. आमच्या स्टाफरूममध्ये त्यातली थोडी असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, २३ जानेवारी

निबंध लिहिते आहे. मधेच आईचा फोन.

"जय भीम माय. जेवलीस का? काय करायलीस?"

निबंध लिहितेय म्हटल्यावर, कशावर, ते मला कळंल असं सांग, म्हणाली. मी सांगितलं. पूर्वीचा लेखक म्हणायचा, जग असं असं आहे, या, मी दाखवतो. मग हे उत्तर-आधुनिक लेखक आले आणि म्हणाले, थांबा, जग तुम्ही पाहिलंय कुठं? तुम्ही टीव्ही पाहिलाय, पेपर वाचलाय, जाहिराती ऐकल्यात, त्यातून जे डोक्यात जमलं त्यालाच तुम्ही जग म्हणता. म्हणून त्यांच्या कादंबरीत मधेच बातमीचं कात्रण येतं, कुणी मेलेलं असताना साबणाची जाहिरात लागते, एकच अपघात वेगवेगळ्या चॅनेलवर वेगवेगळा घडतो आणि खरा कोणता ते लेखकही सांगत नाही.

आई म्हणाली, "आमच्या दवाखान्यात पोलिओच्या टायमाला टीव्हीवाले आलते. डोस पाजून झालं हुतं. ते मनले, परत पाजा, शूटिंग घ्यायचंय. डाक्टर मनले, परत कसं पाजावं? मग मी रिकामीच बाटली धरली अन् त्या लेकरानं तोंड वासलं. परत धरली, परत वासलं. टीव्हीवर त्येच आलं बग. खरं पाजलेलं कुणी दावलंच न्हाई."

"आई, ते वेगळं," मी म्हटलं. "हे सिद्धान्ताचं आहे."

"बरं बाई. शिद्धांताचं आसंल."

फोन ठेवून संदर्भसूची पूर्ण केली. सूची मात्र देखणी झालीय.

मंगळवार, २८ जानेवारी

निबंध मोठ्यानं वाचून पाहिला. माझाच मला कंटाळा आला. प्रत्येक वाक्याच्या दारात कुणीतरी परदेशी विचारवंत उभा आहे आणि मी त्याच्या मागून डोकावते आहे. हे आईला ऐकवायचं? ती मन लावून ऐकेल, आणि तेच जास्त वाईट.

आख्ख्या निबंधात माझं स्वतःचं असं एक वाक्य सापडलं. "पूर्वी घटना घडायची आणि मग तिची बातमी व्हायची, आता बातमी आधी शिवून तयार असते आणि घटनेला तिच्या मापात बसवलं जातं." हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. कुठून सुचलं तेही सांगता येत नाही. त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. बाकी विसरलं तरी चालेल, हे वाक्य आईसमोर म्हणायचं म्हणजे म्हणायचं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बीजभाषणाला लातूरचे डॉ. रविकिरण हंडरगुळे सर येणार आहेत. मोठा माणूस, गोड माणूस. लग्नसराईत भटजींना नसेल एवढी त्यांना मागणी. आठ तारखेला सकाळी चाकूरला ग्रंथदिंडी, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी उदगीरला कुणाचा तरी अमृतमहोत्सव. फोनवर म्हणाले, "विषय काय ठेवलाय?" मी सांगितला. "वा," म्हणाले, "यावर बोलायलाच हवं कुणीतरी."

आईला तारीख कळवली. नवं इरकल काढून ठेवलंय म्हणते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज चर्चासत्राची बातमी लिहून टाकली.

बाहेरच्या माणसाला हे अजब वाटेल, पण आमच्याकडे कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच तयार असते. वार्ताहराला एका दिवसात एवढे कार्यक्रम असतात की दीपप्रज्वलनाचा फोटो काढून तो पुढे पळतो. म्हणून आयोजकानंच सगळं झाल्यासारखं लिहायचं, 'उत्साहात संपन्न झाले' असं म्हणून मोकळं व्हायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही नाही. उलट माझा यात हात बसलाय. वृक्षारोपणाच्या वेळी 'भर पावसातही मोठी उपस्थिती' असं मी आदल्या दिवशी लिहिलं होतं, आणि पाऊस खरंच आला. माणसं तेवढी आली नाहीत.

'सभागृह खचाखच भरले होते' लिहिलं. कुणी कुणाचा सत्कार केला ते लिहिलं. गाडी अडली ती बीजभाषणाशी. हंडरगुळे सर काय बोलणार? विचारायला फोन केला तर म्हणाले, "तुम्हीच काहीतरी चांगलं टाका मॅडम. माझा तुमच्यावर विश्वास आहे." आता मी आणखी कुठून आणणार? माझ्याच निबंधातल्या ओळी उचलल्या आणि त्यांच्या तोंडी घातल्या, दोन रेघांच्या वाक्यासकट. बातमी रविवारी छापून येणार, आणि शनिवारी मी ते वाक्य सभागृहात म्हटलेलं असणार. काही बिघडत नाही.

मन्मथला शनिवारी मामेबहिणीच्या लग्नाला उदगीरला जायचंय, म्हणून मजकूर आजच लातूर कार्यालयाला पाठवतो म्हणाला. फोटो सध्या मागच्या वर्षीचा जोडला, शनिवारी नवा गेला की ते बदलतील. मजकूर वाचून त्यानं विचारलं, "हिच्यात तुमी कुठं हाव?"

"शेवटी आहे की. सूत्रसंचालन प्रा. विशाखा सोनसळे यांनी केले."

त्याला ते पटलं नसावं. कीबोर्ड ओढून काहीतरी टाइप करत बसला. मला तास होता, मी निघाले. माझं नाव त्याच्या बातम्यांत नेहमी ठळक अक्षरात का येतं ते एकदा विचारायला हवं. ऑपरेटरची चूक असणार, पण ऑपरेटरही तोच आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळ

उजाडता उजाडता मन्मथचा उदगीरहून फोन. मागे बँड वाजत होता.

"मॅडम, घोटाळा झाला. बातमी लागली."

"लागली म्हणजे?"

"आजच्या पेपरात. पान चारवरची मोठी जाहिरात ऐन टायमाला निघाली. जागा मोकळी ऱ्हायली, लातूरच्या डेस्कवाल्याच्या हाताला आपलीच बातमी लागली. मी लई बोललो त्याला."

धावत जाऊन स्टँडवरून पेपर आणला. 'अहमदपूर येथे राष्ट्रीय चर्चासत्र उत्साहात संपन्न'. चार कॉलमी. खाली मागच्या वर्षीचा फोटो, प्राचार्य सर मरून रंगाच्या स्वेटरमध्ये समई लावतायत, कडेला अर्धा माईक आणि अर्धी मी. कार्यक्रम आज दुपारी आहे.

तेवढ्यात फोन सुरू झाले. मुली विचारतायत, मॅडम, काल झालं का, आम्हाला सांगितलं नाही. जिलेबीवाला विचारतोय, माल पाठवू की नको.

सर मात्र खुशीत होते. "झकास आलीय बातमी. चार कॉलम म्हणजे काय." मग चष्मा काढून विचारात पडले. "मॅडम, आता झालंच आहे म्हटल्यावर जेवणानंतरचं सत्र ठेवायचं का? लोकांनाही घाई असते."

"सर, माझा निबंध आहे त्यात."

"बरं, मग आभाराच्या आधी पाच मिनिटं घ्या."

पंधराची पाच झाली. रडू आलं होतं, पण पाच मिनिटांतही ते एक वाक्य बसतं. कंधारची गाडी येईल आता.

शनिवार, संध्याकाळ

आई एसटीतून उतरली ती हातात पेपर घेऊनच. "आगं, हितं तर झालं मनून लिवलंय. मी मनलं, झालं तर झालं, अर्धं तिकीट काढलंय, जाऊन तर येते."

सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सरांनी शिपायाला पिटाळलं, "पहिल्या वर्षाचे दोन्ही वर्ग आणून बसवा. बातमीत खचाखच आहे, तेवढं तरी दिसलं पाहिजे." मग स्वतः घरी गेले आणि आले ते मरून स्वेटर घालून. फेब्रुवारीची दुपार, पंखे गरम वारा सोडत होते. मी नुसतं बघितलं. "फोटोत तोच आहे ना," ते हळूच म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर?"

हंडरगुळे सर आले. झब्ब्याच्या खिशातून पेपरची घडी डोकावत होती. "गाडीत वाचलं. वृत्तांकन छान आहे," म्हणाले. माझ्या डोक्यात तरीही काही आलं नाही.

सत्कार झाले. शाली, नारळ, पुन्हा शाली. मी माईकवर नावं घेत होते आणि आई पहिल्या रांगेत, नवं इरकल नेसून, मांडीवर पेपर ठेवून बसली होती. मग मी हंडरगुळे सरांना विनंती केली आणि ते उठले. आधी दोन विनोद, मग आमच्या मातीचं कौतुक, मग आवाज खाली आणून म्हणाले, "मित्रहो, पूर्वी घटना घडायची आणि मग तिची बातमी व्हायची."

मी टेबलावरच्या निबंधाचं ते पान उघडलं.

"आता बातमी आधी शिवून तयार असते," सर म्हणाले, "आणि घटनेला तिच्या मापात बसवलं जातं." टाळ्या. मोठ्या टाळ्या. आईनंसुद्धा वाजवल्या. पुढच्या ओळीही त्याच क्रमानं आल्या, बातमीत होत्या तशाच. ते बसले तेव्हा माझ्या निबंधात संदर्भसूचीशिवाय काही उरलं नव्हतं. आता मी ते वाक्य म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बाईनं दहा मिनिटांपूर्वीचं भाषण उचललं.

मला राग आला. त्यांचा आला, मन्मथचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण घास मीच भरवला होता. तेवढ्यात प्राचार्य सरांची चिठ्ठी आली. "निबंध राहू द्या. थेट आभार."

मी माईक धरला. "यानंतर मी विनंती करते," तोंडानं सवयीनं सुरुवात केली आणि पुढे नावच नव्हतं. आईकडे बघितलं. ती वाट बघत होती, आता आणखी कुणाला उठवतेय याची.

"मी विनंती करते," मी म्हटलं, "प्राध्यापक विशाखा सोनसळे यांना, की त्यांनी आपला निबंध सादर करावा."

मुलं हसली. सर स्वेटरमध्ये सावरून बसले. मी निबंध टेबलावरच ठेवला, खाली उतरले, आईच्या मांडीवरचा पेपर घेतला आणि परत वर आले. "माझा निबंध आज सकाळीच छापून आलाय," मी म्हटलं. "तो वाचते."

'सभागृह खचाखच भरले होते', एवढं वाचलं तर पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये खसखस पिकली. त्यांना कसं आणलं ते त्यांना माहीत होतं. फोटो उंच धरला. सगळ्यांनी फोटो बघितला, मग सरांकडे बघितलं. सर क्षणभर फार गंभीर दिसले आणि मग स्वतःच हसत सुटले. उभं राहून त्यांनी स्वेटर काढला, आणि त्याला दुपारच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

मग ते वाक्य वाचलं. "हे हंडरगुळे सर आत्ता बोलले," मी म्हटलं. "पण पेपर सकाळी आलाय. मग आधी काय झालं? भाषण की बातमी?" मी पेपरवर बोट ठेवलं. "ही बातमी मी परवा लिहिली. सर काय बोलतील ते मला माहीत नव्हतं, म्हणून माझं वाक्य मी त्यांना दिलं. ते माझं आहे."

त्यानंतर काय काय बोलले ते नीट आठवत नाही. परदेशी विचारवंत एकही आला नाही, हे आठवतं. पोलिओची गोष्ट सांगितली. रिकामी बाटली, पुन्हा पुन्हा तोंड वासणारं लेकरू, आणि खरे थेंब कुणी न दाखवलेले. "ती बाटली धरणारी बाई पहिल्या रांगेत बसलीय," म्हटल्यावर आख्खं सभागृह माना उंच करून बघायला लागलं, आणि आईनं मागे वळून बघितलं, कोण बाई म्हणून. मी म्हटलं, उत्तर-आधुनिक लेखक माध्यमांवर नुसता चिडत नाही, तो हसतो, कारण तोही त्याच बातमीत कुठेतरी कडेला अर्धा उभा असतो. मीही आहे, हे बघा. आणि पुन्हा फोटो दाखवला.

शेवटची ओळ मी तोवर वाचलीच नव्हती. सकाळी घाईत सुटली असणार. वाचली तशी थांबले. 'प्रा. विशाखा सोनसळे यांच्या अभ्यासपूर्ण निबंधाने श्रोते भारावून गेले.'

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "आणि हे अजून घडायचंय. ते तुम्ही ठरवा."

टाळ्या वाजल्या. किती वेळ ते लिहीत नाही, बातमी लिहिल्यासारखं होईल.

हंडरगुळे सर माईकवर आले. मला वाटलं, आता सुनावणार. "मी गाडीत पेपर वाचला," ते म्हणाले. "माझ्या नावानं छापलं होतं. मला वाटलं, बोललो असेन कुठंतरी. एवढं चांगलं वाक्य मला सुचलं याचं जरा नवल वाटलं, पण छापून आलंय म्हटल्यावर शंका कोण घेतो?" सगळ्यांत आधी तेच हसले. "मॅडम, वाक्य परत केलं. त्याच्या टाळ्याही तुमच्या."

आभार कुणी मानले ते लक्षात नाही. कदाचित राहिलेच.

खाली उतरले तर सभागृहाच्या दारात मन्मथ. अंगात शेरवानी, गळ्यात कॅमेरा, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. लग्न अर्धवट टाकून मोटारसायकलवर उदगीरहून आला होता आणि माझं बोलणं सुरू झाल्यापासून तिथंच फोटो काढत उभा होता. चूक झाल्यावर माणसानं किती मनाला लावून घ्यावं.

"ह्यो पोरगा कोण?" आईनं विचारलं.

"वार्ताहर आहे."

"लगीन सोडून आला?"

"बातमीसाठी."

आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हां," म्हणाली. "बातमीसाठी."

रविवार, ९ फेब्रुवारी

आई कालच परत जाणार होती, राहिली. सकाळीच पेपर आणला. पान चार उलटं-सुलटं केलं. कुठल्याशा पतसंस्थेची सभा, रक्तदान शिबिर, एक हरवलेली म्हैस. आमचं काही नाही.

मन्मथला फोन केला. त्यानं काल रात्रीच नवी बातमी पाठवली होती, खऱ्या फोटोसकट, मोठी. डेस्कवाला म्हणाला, ही लागून गेलीय, एकाच कार्यक्रमाची दोनदा लावत नसतो.

म्हणजे जे घडलं नव्हतं ते चार कॉलम, आणि जे घडलं ते कुठंच नाही. माझ्या प्रबंधात हे उदाहरण शोभलं असतं, पण मला आज प्रबंध नको होता. एकदा तरी छापून यायला हवं होतं की मी बोलले. खूप वाईट वाटलं, लपवत नाही.

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "त्या पोराला जेवाय बोलीव. आपल्यातलं चालतंय का, ते आदी इचार." मी म्हटलं, तो शाकाहारी आहे, आपण वरण आणि मेथीच करतोय, त्यात विचारायचं काय. "तरी इचार," आई म्हणाली. तिच्या डोक्यात काय असतं कळत नाही. विचारलं. माझं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "कामून चालणार न्हाई? निघालोच," आणि खरोखरच निघाला होता.

जेवायला बसला तरी मान वर करेना. न छापलेली बातमी त्यानं मोबाइलवर दाखवली. फार छान लिहिली होती, आणि सगळी झाल्यानंतर लिहिली होती. ते वाचून मला आणखी वाईट वाटलं. मी म्हटलं, काय उपयोग, आता कुणाला कळणार, पेपरनुसार तर मी परवाच बोलून बसलेय आणि काल काही झालंच नाही.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"पेपरात आलं न्हाई मनून झालं न्हाई व्हय? मी हुते की तितं." मग मन्मथकडे बोट केलं. "ह्यो बी हुता."

आणि ती भाकरी तिनं त्याच्या ताटात टाकली.